जय-पराजयाच्या पायऱ्या

देवनार-चेंबूरपासून घाटकोपर, भांडुप, मुलुंडपर्यंतची उपनगरे पूर्वी ईशान्य मुंबई या एकाच लोकसभा मतदारसंघात येत. घाटकोपरचा व्यापारी, भांडुपचा कामगार आणि देवनार-गोवंडीच्या वस्तीतील कष्टकरी या सर्वांचा प्रतिनिधी एकच असे. डिसेंबर १९८४ मध्ये या मतदारांनी अवघ्या तीस वर्षांच्या एका वकिलाला दिल्लीला पाठविले. त्यांचे नाव गुरुदास कामत.

माटुंग्याच्या पोदार महाविद्यालयातून वाणिज्य आणि शासकीय विधी महाविद्यालयातून कायदा असे त्यांचे शिक्षण झाले. विद्यार्थी संघटनेच्या कार्यातून ते पुढे आले. संसदेत प्रवेश केल्यानंतर, १९८७ मध्ये, युवक काँग्रेसचे राष्ट्रीय अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले. येथवरची वाटचाल कोणाही तरुणाला हेवा वाटावा अशीच होती.

परंतु त्यांचा खरा धडा पुढेच आहे. १९८९ मध्ये जयवंतीबेन मेहता यांनी त्यांचा पराभव केला. १९९१ मध्ये कामत पुन्हा निवडून आले. १९९६ मध्ये प्रमोद महाजन विजयी झाले. १९९८ मध्ये कामतांनी ती जागा परत मिळविली. दीड वर्षातच, १९९९ मध्ये, किरीट सोमय्या जिंकले आणि २००४ मध्ये पुन्हा कामत. एकाच मतदारसंघात सात लढती, चार विजय, तीन पराभव! एका विजयाला लागून दुसरा विजय तेथे त्यांना कधीच लाभला नाही.

वकिलाचा खटला हरला तर वरच्या न्यायालयाचे दार उघडे असते. निवडणुकीतील जनमताच्या निकालावर मात्र अपील नसते. पुन्हा त्याच मतदारांच्या दारी नम्रपणे जावे लागते. पराभवाने कटुता येऊ न देणे आणि विजयाने माथा फिरू न देणे, हा संयम कोणत्याही विधी महाविद्यालयात शिकविला जात नाही. तो मतदारच शिकवितो.

मतदारसंघांच्या पुनर्रचनेनंतर २००९ मध्ये कामत वायव्य मुंबईतून निवडून आले आणि केंद्रात गृह राज्यमंत्री झाले. २०११ मध्ये खातेबदल होताच त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. २०१४ मध्ये पुन्हा पराभव वाट्याला आला. २२ ऑगस्ट २०१८ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले.

लोकसभेची निवडणूक लढविण्यास संविधानाने पंचवीस वर्षांची वयोमर्यादा घातली आहे. घरातील मुलगा वा मुलगी कायद्याची पदवी घेऊन या वाटेने जाऊ म्हणेल, तेव्हा पालकांनी पक्ष कोणता, तिकीट मिळेल का, एवढेच विचारू नये. ‘हरलास तर दुसऱ्या दिवशी त्याच वस्तीत जाशील का?’ हा प्रश्न आधी विचारावा. त्याचे उत्तर मनापासून ‘होय’ असेल, तर त्या लेकराला अवश्य आशीर्वाद द्यावा.