सातबाऱ्यावरील तीन अक्षरे

बाप गेल्यावर वारसनोंद होते, तेव्हा सातबाऱ्यावर अल्पवयीन मुलाच्या नावाशी ‘अ.पा.क.’ ही तीन अक्षरे येतात. अज्ञान पालनकर्ता, हा त्यांचा विस्तार. मालकी मुलाची, कारभार पालकाचा. या अक्षरांच्या आडून जमिनी कशा हातोहात जातात, हे गावोगाव हिंडणाऱ्या कार्यकर्त्यांना सांगावयास नको.

कायदा नाही, अशी मात्र स्थिती नाही. हिंदूंपुरते बोलावयाचे तर 1956 च्या अज्ञानत्व व पालकत्व अधिनियमाच्या कलम 8 अन्वये आईबापांनाही न्यायालयाच्या पूर्वपरवानगीशिवाय अज्ञानाची स्थावर मिळकत विकता वा गहाण ठेवता येत नाही. तशी विक्री मुलाला रद्द करून घेता येते. चुलता किंवा मामा नैसर्गिक पालक नव्हेच. केवळ सांभाळ करतो म्हणून त्याला विक्रीचा अधिकार नाही, असे कलम 11 सांगते. हडप केलेल्या पैशाबद्दल फौजदारी विश्वासघाताचा गुन्हाही लागू शकतो.

मग अडते कोठे? मुदतीत. पालकाने केलेली विक्री रद्द करून घेण्यास सज्ञान झाल्यापासून तीन वर्षे मिळतात. अठरा ते एकवीस या वयात भूमिहीन झालेला मुलगा ऊसतोडीला वा शहरात हमालीला गेलेला असतो. जमीन कोणी, केव्हा विकली, याचा कागदही त्याने पाहिलेला नसतो. अज्ञानपणीच वादमित्रामार्फत दावा लावता येतो खरा. पण ज्याच्या घरी जेवतो त्याच्याविरुद्ध वादमित्र आणावयाचा कोठून? विधिसेवा अधिनियम बालकाला मोफत वकील देतो. अठरा पूर्ण होताच मुलाचा तो हक्क संपतो आणि त्याला उत्पन्नाचा दाखला शोधावा लागतो! ऑक्टोबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी विक्री दाव्याविना, स्वतःच्या स्पष्ट कृतीनेही नाकारता येते, असा निर्णय दिला. तो स्वागतार्ह आहे. तथापि ताबा ज्याच्याकडे, त्याच्या बांधावर उभे राहण्याचे बळ निकालपत्रातून मिळत नाही.

याहून मोठे भगदाड एकत्र कुटुंबाचे आहे. अविभक्त हिश्श्याला कलम 8 चे संरक्षणच लागू नाही. कर्ता ‘कुटुंबाच्या गरजेसाठी’ म्हणून विकून मोकळा होतो. मनोरुग्णांची दशा निराळी नाही. 1987 च्या कायद्यात त्यांच्या मिळकतीच्या व्यवस्थेचे स्वतंत्र प्रकरण होते. 2017 च्या कायद्याने ते गेले, त्या जागी काही आले नाही. त्यामुळे नातलगांना उच्च न्यायालय गाठावे लागते, आणि ते गाठण्याची ऐपत कोणाची असते हे उघड आहे.

वस्तुतः चोरीनंतरच्या उपायापेक्षा हिशेबाची सक्ती स्वस्त पडते. 1890 च्या कायद्याखाली न्यायालयाने नेमलेल्या पालकाकडून जामीन, मिळकतीची यादी व हिशेब मागता येतो. पण तोही न्यायालयाने फर्माविल्यास. घरच्या पालकाला हिशेब विचारणारा कोणीच नाही. 2021 मध्ये कोविडने अनाथ झालेल्या मुलांच्या नावे राज्य सरकारने पाच लाखांची मुदत ठेव ठेवली. पैशाला कुलूप लावता येते, तर जमिनीला का येऊ नये? न्यायालयाच्या आदेशाविना अज्ञानाच्या जमिनीचा फेरफार मंजूर होऊ नये. मूल अठरा वर्षांचे होताच त्याच्या मिळकतीचा उतारा व मुदतीची सूचना सरकारने त्याच्या हाती द्यावी. तोवर आपल्या शाखांनी चावडीवाचनाच्या वेळी ‘अ.पा.क.’ नोंदींची यादी मागून घ्यावी आणि त्यातली कोणती मुले यंदा सज्ञान होतात ते पाहून त्यांच्या घरी जावे.