सॅटेलाइट फोन ही चैन नव्हे!



परवाच्या वाऱ्यात आपल्या बंदरातल्या एका ट्रॉलरचं मशीन बंद पडलं आणि दोन रात्री त्याचा ठावठिकाणा नव्हता. जेटीवर बायका तांडेलाचा नंबर लावून थकल्या. माणसं परत आली, हे नशीब. त्यावर एक प्रतिष्ठित गृहस्थ चारचौघांत म्हणाले, "सॅटेलाइट फोन? मच्छीमाराला कशाला हवी ही चैन?" हे पत्रक त्या एका वाक्याला उत्तर आहे.

बोटीच्या केबिनमध्ये जाऊन बघा. खिळ्याला व्हीएचएफ रेडिओ टांगलेला, खाऱ्या हवेनं त्याची पिन हिरवी पडलेली. दहा-वीस सागरी मैलांवर त्याचा आवाज पोचेनासा होतो. मोबाईलची रेंज त्याच्याही आधी जाते. देशाचा समुद्रावरचा आर्थिक हक्क मात्र २०० सागरी मैलांचा! मासळी खोल गेली म्हणून आपण खोल गेलो, आणि तिथे आपली हाक ऐकायला कुणी नाही. २०१७च्या नोव्हेंबरअखेर ओखी चक्रीवादळ आलं तेव्हा केरळ-तामिळनाडूच्या बोटी आधीच बाहेर होत्या. इशारा त्यांच्यापर्यंत पोचलाच नाही. काही बोटी भरकटत देवगडला आसऱ्याला आल्या. शेकडो माणसं घरी परतली नाहीत.

आता खर्च. हँडसेट लाखाच्या घरात. २०१७ला सॅटेलाइट फोनची सेवा सुरू झाल्यावर जाहीर झालेले दर असे होते: सरकारी ग्राहकाला मिनिटाला १८ रुपये, व्यापारी ग्राहकाला २५. म्हणजे साहेब कचेरीतून बोलले तर १८ आणि तांडेल लाटांतून बोलला तर २५! तरीही त्या दरानं रोज चार मिनिटं बोललं तर १०० रुपये होतात. फेरीला शेकडो लिटर डिझेल जाळणाऱ्या बोटीला ते जड नाहीत. जड आहे तो हँडसेट, आणि त्याहून जड परवानगी. ती नसेल तर फोन नुसता जवळ बाळगणंही गुन्हा.

"देशाच्या सुरक्षेचं काय?" हा प्रश्न आम्हाला विचारता? २६/११चे मारेकरी सॅटेलाइट फोन घेऊन आले, ते अर्ज भरून नव्हे. त्यांनी 'कुबेर' ही मासेमारी बोट पळवली आणि तिच्यावरची माणसं मारली. त्या हल्ल्याचे पहिले बळी मच्छीमारच होते.  परवानगीच्या फोनचा कॉल देशातल्याच गेटवेतून जातो, मग भीती कसली?

"सरकार ट्रान्सपॉन्डर फुकट देतंय ना?" ३० ऑगस्ट २०२४ला पालघरमध्ये १ लाख नौकांच्या त्या योजनेचा शुभारंभ झाला. चांगली योजना आहे, प्रत्येकानं बसवून घ्या. पण त्यावर छोटे संदेश जातात. खलाशाच्या छातीत कळ आली तर डॉक्टर दहा प्रश्न विचारतो, त्यांची उत्तरं बोलूनच द्यावी लागतात.

खोल समुद्रात जाणाऱ्या प्रत्येक नोंदणीकृत नौकेला हँडसेटवर अनुदान, सरकारी ग्राहकाचाच दर आणि परवानगी बंदरातच मिळावी, असा ठराव आपल्या मच्छीमार सोसायटीच्या येत्या सभेत मांडा. सह्यांसाठी बायकांना पुढे बसवा. जेटीवर रात्र त्यांनी काढली आहे.