बाक मुलांनीच घडवावे

निवासी शाळेत सुतारकाम शिकवावे, असे म्हटले की काही पालकांच्या कपाळाला आठी पडते. पिढ्यान्‌पिढ्या राबण्यात गेल्या, आता लेकरांनी लेखणीच धरावी, हे त्यांचे म्हणणे सोसण्यातून आलेले आहे. त्याचा आदर राखूनही मी सुचवितो की, प्रत्येक विद्यार्थी-विद्यार्थिनीने शाळा सोडण्यापूर्वी एक साधे लाकडी बाक घडविण्यात भाग घ्यावा.

साताऱ्याच्या शाळेत बालवयातील बाबासाहेबांना वर्गात वेगळे, गोणपाटावर बसावे लागे आणि ते गोणपाट रोज घरून आणावे व परत न्यावे लागे. म्हणून आपल्या समाजाला बाक ही केवळ बसण्याची वस्तू नाही. १९३६ सालच्या जातिनिर्मूलनविषयक ग्रंथात बाबासाहेबांनी घेतलेला आक्षेप हाताच्या कामावर नव्हता. कोणाचे काम कोणते, हे जन्मावरून ठरविण्यावर होता. जे काम लादलेले नाही आणि सर्वांना सारखे आहे, त्यात कमीपणा कसला?

नवशिक्यासाठी बाक हा उत्तम पाठ आहे. चार फूट लांबीची जाड फळी, चार पाय आणि पायांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या, एवढाच त्याचा संसार. लाकूड मात्र वाळलेले हवे. ओले लाकूड पुढे आकसते, पिळते आणि सांधे सैल होतात. करवत चालविण्याआधी गुण्या लावून रेघ मारावी लागते. बाक डुलू लागले की मुले अंदाजाने एक पाय कापतात, मग दुसरा; बाक बुटके होते, पण डुलणे थांबत नाही. सपाट जागी पाचर लावून ते स्थिर करावे, चारही पायांवर जमिनीपासून सारख्या उंचीची खूण करावी आणि मगच कापावे. अंदाज आणि मोजमाप यांतील हा फरक विज्ञानाच्या तासालाही उपयोगी पडतो. सम्यक् स्मृती म्हणजे काय, हेही धारदार पटाशी हाती असताना लवकर कळते.

दोन अटी मात्र कटाक्षाने पाळाव्यात. अभ्यासात मागे पडलेल्यांनाच सुतारकामाला पाठविले, तर आपल्याच शाळेत नवी उतरंड उभी राहील. म्हणून पहिल्या क्रमांकाच्या विद्यार्थ्यानेही रंधा मारला पाहिजे. आणि स्वस्तात फर्निचर मिळावे म्हणून मुलांना राबवू नये. अभ्यासाच्या वेळेला धक्का लागू नये. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या काळात सर्वच विद्यार्थ्यांसाठी सुतार, कुंभार, माळी अशा स्थानिक कारागिरांसोबत दहा दिवस दप्तराविना शिकण्याची तरतूद सुचविली आहे. तिचा लाभ घ्यावा.

माजी विद्यार्थी शाळेला देणगी देऊ इच्छितात, ही आनंदाची गोष्ट आहे. त्यांनी तयार बाके न देता वाळलेले लाकूड, चांगली हत्यारे आणि जाणत्या कारागिराचे मानधन द्यावे. दहावीच्या प्रत्येक तुकडीने एक बाक मागे ठेवावे. त्यावर नावे कोरू नयेत. कोणीही येऊन कोणाच्याही शेजारी बसावे.