परकी लेन्स, चढा आयएसओ आणि मीडियम फॉरमॅटचं सोवळं

मीडियम फॉरमॅटबद्दल एक मत घट्ट रुजलं आहे. कॅमेरा ट्रायपॉडवर हवा, आयएसओ १००च्या फार वर न्यायचा नाही आणि लेन्स त्याच कंपनीची, त्याच सेन्सरसाठी घडवलेली हवी. एवढा पैसा ओतायचा आणि वर ३५ मिमी कॅमेऱ्याची जुनी लेन्स अडॅप्टरने जोडून आयएसओ ६४००वर फोटो काढायचे, हा नसता उद्योग आहे असं जाणती माणसंही म्हणतात. मला हे मत मान्य नाही. पण ते उडवून लावण्याजोगंही नाही; त्यातलं खरं आधी पदरात घेऊ.

पहिला आक्षेप कोपऱ्यांचा. ३५ मिमी फ्रेमचा कर्ण ४३.३ मिमी. फुजीफिल्म जीएफएक्सचा सेन्सर ४३.८ × ३२.९ मिमी, म्हणजे कर्ण जवळजवळ ५५. लहान फ्रेमसाठी घडवलेल्या लेन्सचं प्रकाशवर्तुळ तिथवर पोचेलच याची हमी नाही, हे खरं. पण हमी नाही म्हणजे पोचतच नाही, असं कुठे आहे? कॅननच्या टीएस-ई २४ मिमी लेन्सच्या दुसऱ्या आवृत्तीचं वर्तुळ ६७.२ मिमी आहे; ती हा सेन्सर झाकून वर सरकवायला जागाही ठेवते. ८५ ते १३५ मिमीच्या कितीतरी जुन्या लेन्स कोपरे थोडे काळवंडून का होईना, पुरतात. वाइड झूम बहुधा पुरत नाहीत. म्हणजे हा प्रश्न एकेका लेन्सचा आहे, आणि तो लावून बघितल्याशिवाय सुटत नाही.

‘अडॅप्टरने दर्जा पडतो’ हे तर ऐकीव आहे. निकॉन एफ माउंटपासून सेन्सरपर्यंतचं अंतर ४६.५ मिमी, जीएफएक्सचं २६.७. मधल्या १९.८ मिमीची पोकळ नळी म्हणजे अडॅप्टर. त्यात काचच नाही, तर बिघडवणार काय? नळी वाकडी कातली असेल तर चित्राची एक बाजू मऊ पडते. तो दोष कातकामाचा, कल्पनेचा नव्हे.

आयएसओबद्दलचं मत जन्मलं तेव्हा बरोबर होतं. सीसीडी सेन्सरच्या डिजिटल बॅक आयएसओ ५० किंवा १००ला अप्रतिम चालत आणि ८००च्या आसपास दम टाकत. २०१४ साली सोनीचा ५० मेगापिक्सेलचा सीमॉस सेन्सर फेज वन, हॅसलब्लाड आणि पेंटॅक्स ६४५झेड या तिन्हींत आला आणि चित्र पालटलं. मत मात्र जागचं हललं नाही. त्या सेन्सरचा ८२५६ × ६१९२ पिक्सेलचा फोटो ए-३ कागदावर ३०० डीपीआयने छापला, की एकेका छापील ठिपक्यामागे जवळपास तीन पिक्सेल असतात. पडद्यावर शंभर टक्के मोठं करून जो नॉइज दिसतो, त्यातला बराचसा कागदावर विरून जातो. फोटो बघायचा असतो. पिक्सेल मोजत बसायचं नसतं.

सगळ्यात धारदार आक्षेप वेगळाच आहे. जीएफएक्सच्या सेन्सरचं क्षेत्रफळ ३५ मिमी फ्रेमच्या १.६७ पट, म्हणजे फायदा जेमतेम पाऊण स्टॉपचा. मीडियम फॉरमॅटच्या लेन्स बहुतेक एफ/२.८ किंवा एफ/४च्या. मग एफ/१.४ लेन्स लावलेला फुल फ्रेम, म्हणजे ३५ मिमीचा, कॅमेरा अंधारात पुढे जाणार नाही का? जातो, निर्विवाद. पण हाच आक्षेप माझ्या बाजूने साक्ष देतो. तीच ८५ मिमी एफ/१.४ लेन्स मोठ्या सेन्सरवर लावा: दृश्यकोन आणि डेप्थ ऑफ फील्ड फुल फ्रेमवरच्या ६७ मिमी एफ/१.१ सारखी मिळते. एफ/४ झूमला जिथे १/१५ सेकंद लागतो, तिथे तेवढ्याच आयएसओला १/१२५ पुरतो. वेगवान परकी लेन्स आणि चढा आयएसओ वेगवेगळे छंद नव्हेत. एकाच गरजेची ती दोन उत्तरं आहेत.

सिनेमाने हे कधीच सिद्ध केलंय. ‘बॅरी लिंडन’साठी (१९७५) स्टॅनली कुब्रिकने झाइसची ५० मिमी एफ/०.७ लेन्स मिचेल कॅमेऱ्यावर बसवून घेतली आणि १०० एएसएची फिल्म एक स्टॉप पुश केली. मेणबत्त्यांच्या उजेडातले ते प्रसंग टिपणाऱ्या जॉन अल्कॉटला ऑस्कर मिळालं. आपल्याकडे अजिंठ्यात फ्लॅशला बंदी आहे, ट्रायपॉडला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. तिथे आयएसओ १००चं सोवळं पाळणाऱ्याने करायचं काय?

किंमत मोजावी लागते, ती लपवणार नाही. ऑटोफोकस बहुधा जातो. व्ह्यूफाइंडरमधलं चित्र मोठं करून रिंग हळू फिरवावी लागते; पापणीवर पीकिंगची लाल रेघ चमकते आणि समोरच्याने श्वास सोडला की कानाकडे सरकते. हॅसलब्लाड एक्स१डीच्या बॉडीत शटर नाही, त्यामुळे परकी लेन्स लावली की इलेक्ट्रॉनिक शटरवर भागवावं लागतं आणि हलणारा माणूस तिरपा येतो. लग्नाच्या कामाला हे चालणार नाही. निवांत बसलेल्या माणसाच्या पोर्ट्रेटला खुशाल चालतं.

तेव्हा कोणाच्या सांगण्यावरून, माझ्याही नाही, निर्णय घेऊ नका. कपाटातली जुनी लेन्स काढा, विटांच्या भिंतीसमोर कॅमेरा सरळ धरा, प्रत्येक अॅपर्चरला एक फोटो घ्या आणि चारही कोपरे तपासा. मग दिवेलागणीला घरातल्या कोणाला तरी समोर बसवून आयएसओ ६४००वर फोटो काढा आणि तो छापून बघा.