स्पीकरचे फाटलेले कापड घरीच बदला



आपल्या बीड जिल्ह्यातील केज, धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार अशा तालुक्यांतून हजारो कुटुंबे दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. चार-पाच महिने घर बंद राहते. परत येऊन पाहावे तर उंदरांनी स्पीकरच्या तोंडावरचे कापड कुरतडलेले असते. मग पोरे म्हणतात, स्पीकर गेला, नवा आणा. पण कापड फाटले म्हणजे स्पीकर बिघडला असे नव्हे. घामाचा पैसा नव्या पेटीत घालण्याआधी एक दुपार या कामाला द्या.

हे कापड नुसते शोभेचे नाही. आतल्या कागदी पडद्याला ते धुळीपासून आणि पोरांच्या बोटांपासून वाचवते. पण त्यातून आवाज मोकळा बाहेर आला पाहिजे. पुष्कळ जण घरातला पडद्याचा किंवा मखमलीचा जाड तुकडा लावतात. जाड कापड आधी बारीक, उंच आवाज गिळते. 'स', 'श', 'च', 'त' या अक्षरांची धार त्याच आवाजात असते. म्हणजे ढोलकीचा घुमारा ऐकू येतो, पण शब्द बोथट होतो. वामनदादा कर्डक (१९२२-२००४) यांच्यासारख्या कवी-गायकांनी गावोगाव फिरून जे पोचवले ते शब्दच होते. तेच कळले नाहीत तर गाणे ऐकून काय मिळाले? शिवाय शब्द कळेना म्हणून आपण आवाज वाढवतो आणि शेजारच्या परीक्षेच्या मुलाला त्रास होतो.

म्हणून कापड रंग पाहून नव्हे, फुंकर मारून घ्या. तोंडासमोर धरून फुंकले की पलीकडच्या तळहाताला वारा लागला पाहिजे. उजेडाकडे धरले की बारीक छिद्रे दिसली पाहिजेत. पातळ, थोडे ताणणारे पॉलिएस्टरचे कापड चांगले. सुती कापड दमट हवेत सैल पडते. निळे घ्या, काळे घ्या, आवाजाला रंगाचा फरक पडत नाही.

आता काम. आधी प्लग काढा. बहुतेक पेट्यांची चौकट प्लॅस्टिकच्या खुंट्यांवर बसवलेली असते. ती कोपऱ्यांकडून बोटांनी हळूहळू ओढा. मधे स्क्रू ड्रायव्हर घालू नका, कागदी पडदा फाटेल. पडद्यावरची धूळ कोरड्या मऊ ब्रशने झाडा, ओले फडके लावू नका. जुन्या पिना दूर बसून काढा. स्पीकरमागे लोहचुंबक असते, पिना त्याला जाऊन चिकटतात.

जुने कापड माप म्हणून ठेवा. नवे चारी बाजूंनी दोन-तीन बोटे जास्त कापा. लाकडी चौकट पांढरी असेल तर तिला काळा रंग द्या, नाही तर पातळ कापडातून ती दिसते. रंग वाळू द्या. कापड उलटे पसरून त्यावर चौकट ठेवा. खाट विणताना ताण समोरासमोर देतो तसेच इथे करा : आधी एका बाजूचा मध्य चिकटवा, मग समोरच्या बाजूचा, मग उरलेल्या दोन बाजू. मध्यापासून कोपऱ्याकडे जा. लाकडाला फेविकॉल व बारीक पिना चालतात, प्लॅस्टिकला रबरी सोल्युशन लावा. सैल राहिले तर कापड फडफडते, फार ताणले तर चौकट वाकते. रात्रभर वाळू द्या, मगच बसवा.

एक सावधगिरी. जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओची मागची बाजू उघडू नका. प्लग काढल्यावरही आत वीज साठून राहू शकते. आणि कागदी पडदाच फाटला असेल तर मेकॅनिककडे जा.

हिशेब मांडू. दोन लहान पेट्यांना अर्धा-पाऊण मीटर कापड, चिकटवायला एक ट्यूब, थोड्या पिना. एवढ्यात काम होते. आता कॅसेट गेली, मोबाईल आला, पण जुन्या चांगल्या पेटीला तोही जोडता येतो.

पुढच्या हंगामाला निघताना मात्र स्पीकर जुन्या चादरीत गुंडाळून पत्र्याच्या पेटीत ठेवा. कापड आणि पडदा, दोन्ही वाचतील.