खोटा पैसा, खरी वेठ

खेळातला पैसा खोटा असतो, हे मुलांना शिकवावे लागत नाही. ‘व्यापार’च्या पटावर ज्याच्यापुढे रंगीत नोटांची चळत लागलेली असते, तो दहा वर्षांचा मुलगाही डाव मोडला की त्या नोटा निमूटपणे खोक्यात भरून ठेवतो. परंतु संगणकावर किंवा दूरचित्रवाणीच्या पडद्यावर खेळल्या जाणाऱ्या मोटारशर्यतींच्या खेळांत या खोट्या पैशाने निराळेच रूप धारण केले आहे. तेथे तो डाव मोडल्यावर खोक्यात जात नाही. तो साठतो, वाढतो, कमी पडतो. आणि तो झटपट कसा मिळवावा याची खलबते जगभरातील तरुण मंडळी शर्यत कशी जिंकावी या चर्चेइतक्याच हिरिरीने करीत असतात. वडीलधाऱ्यांना हा पोरखेळ वाटेल. त्याच्या मुळाशी मात्र एक गंभीर प्रश्न आहे: माणूस फुरसतीच्या वेळी स्वेच्छेने जे करतो त्याला मजुरीचे स्वरूप आले, तर त्याला खेळ म्हणावयाचे काय?

या प्रकारातील सर्वांत गाजलेल्या खेळांपैकी एक म्हणजे इंग्लंडमधील ‘प्लेग्राउंड गेम्स’ या संस्थेने तयार केलेला आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘फोर्झा होरायझन ५’. या खेळातला प्रदेश मेक्सिकोचा आहे. वाळवंट, अरण्य, ज्वालामुखी, ग्वानाहुआतो शहरातील अरुंद चढउतारांच्या गल्ल्या, असा सारा मुलूख खेळाडूसमोर मोकळा पसरलेला असतो. ठरावीक धावपट्टीचे बंधन नाही. वाटेल त्या दिशेने गाडी हाकावी, मनात येईल तेव्हा शर्यतीत उतरावे. गाड्या पाचशेहून अधिक. मात्र त्या विकत घ्याव्या लागतात, आणि त्यासाठी ‘क्रेडिट’ नावाचे खेळातले चलन लागते. शर्यत धावली की ते मिळते. प्रतिस्पर्धी जितके तरबेज निवडावेत तितके ते अधिक मिळते. येथवर सारे रास्त आहे. कौशल्याला बक्षीस असावे, यात गैर काहीच नाही.

कमाईच्या आडवाटा

अडचण पुढे येते. समजा, दहा मिनिटांच्या एका शर्यतीत तीस हजार क्रेडिट मिळतात आणि मनात भरलेली गाडी वीस लाखांची आहे. साधे त्रैराशिक मांडले तरी सदुसष्ट शर्यती, म्हणजे अकरा तासांहून अधिक वेळ होतो. दिवसभराची नोकरी किंवा अभ्यास सांभाळून रोज एक तास खेळणाऱ्याला ती गाडी मिळण्यास जवळजवळ दोन आठवडे लागतील. मग माणसाची बुद्धी आडवाटा शोधू लागते, आणि ती बुद्धी किती तल्लख असते ते पाहण्यासारखे आहे.

‘फोर्झा होरायझन ५’मध्ये गाडी चालविताना केलेल्या कसरतींबद्दल कौशल्यगुण मिळतात. ते गुण खर्चून प्रत्येक गाडीच्या तक्त्यातील निरनिराळी बक्षिसे उघडता येतात. काही गाड्यांच्या तक्त्यात एक नशिबाचे चक्र दडलेले असते. ते फिरविले की क्रेडिट, गाडी किंवा एखादा निरुपयोगी पोशाख हाती येतो. एकाच वेळी तीन बक्षिसे देणारे मोठे चक्रही आहे. खेळ प्रसिद्ध झाल्यानंतर थोड्याच दिवसांत खेळाडूंच्या ध्यानात आले की, दुसऱ्या महायुद्धातील १९४५ सालची विलीज जीप अवघ्या चाळीस हजारांत मिळते आणि तिच्यावर पाच कौशल्यगुण खर्चले की मोठे चक्र फिरविता येते. झाले! खेळाडू एकाच जातीच्या डझनावारी जीप घेऊ लागले. जीप घ्यावयाची, चक्र फिरवावयाचे, जीप टाकून द्यावयाची, पुन्हा दुसरी घ्यावयाची. ती जीप चालविण्याचा विचारही कोणाच्या मनात आला नसेल.

दुसरी युक्ती याहून बोलकी आहे. या खेळात खेळाडूंना स्वतःच्या शर्यती रचता येतात. त्याचप्रमाणे नवख्यांच्या सोयीसाठी सुकाणू आणि ब्रेक सांभाळण्याचे काम यंत्राकडे सोपविण्याची तरतूद आहे. या दोन सोयींची सांगड घालून काहींनी फार लांबलचक शर्यती रचल्या. हातातील यंत्राच्या वेग वाढविण्याच्या कळीला रबर बँड लावून ठेवावयाचा आणि स्वतः झोपी जावयाचे. रात्रभर गाडी आपोआप धावते, यंत्राचे प्रतिस्पर्धी यंत्राशी शर्यत लावतात, आणि सकाळी खात्यात भरभक्कम रक्कम जमा झालेली असते. खेळणारा मात्र त्या खेळात कोठेच नसतो. घरात राहते ते फक्त विजेचे देयक, आणि ते मात्र खऱ्या रुपयांत येते.

अशा खेळाडूंना लबाड म्हणून मोकळे होणे सोपे आहे. ज्या चुरशीत खेळाडू एकमेकांविरुद्ध उतरतात, तेथे लबाडीने बाकीच्यांवर अन्याय होतो आणि ती निषिद्धच मानली पाहिजे. एकट्याने खेळावयाच्या भागाचा न्याय निराळा आहे. तेथे पळवाट काढणारा माणूस एका परीने त्या खेळावर अभिप्राय देत असतो. क्रिकेटवेडा मुलगा आपली फलंदाजी दुसऱ्याने करावी अशी इच्छा कधी करीत नाही, कारण त्याला हवी असते ती फलंदाजीच. जो भाग झोपेत उरकून टाकावासा वाटतो, तो खेळाचा भाग राहिलेला नसून ते काम झालेले असते. रबर बँड कोठे लागतो ते पाहावे. खेळ नेमका तेथेच संपलेला असतो.

टंचाई कोणी निर्माण केली?

हे असे का घडते, याचे उत्तर अर्थशास्त्राच्या पहिल्या धड्यात आहे. खऱ्या जगात मोटार महाग असते, कारण तिला पोलाद लागते, रबर लागते, कामगारांचे श्रम लागतात. पडद्यावरील मोटारीला एकदा तिचा आराखडा तयार झाल्यावर यांपैकी काहीही लागत नाही. तिच्या एक लाख प्रती काढल्या काय आणि एकच काढली काय, खर्चात म्हणण्यासारखा फरक पडत नाही. म्हणजे या खेळातली टंचाई निसर्गाने घातलेली नाही, ती रचणाऱ्याने घातलेली आहे. काही गाड्या ठरावीक आठवड्यातच मिळावयाच्या आणि तो आठवडा हुकला की लिलावात चढ्या भावाने घ्यावयाच्या, ही व्यवस्थाही कोणीतरी टेबलाशी बसून ठरविलेली असते. साठेबाज येथेही निर्माण होतो. फरक इतकाच की त्याला गोदाम लागत नाही.

टंचाई मुळातच वाईट, असा याचा अर्थ नव्हे. सारे काही पहिल्याच दिवशी हाती आले तर चार दिवसांत कंटाळा येईल. थोडी वाट पाहण्याने मिळालेल्या वस्तूची गोडी वाढते, हे प्रत्येक गृहस्थाला ठाऊक आहे. प्रश्न येतो तो ही प्रतीक्षा कोणाच्या फायद्यासाठी घातली आहे, हा. ती खेळ रंगावा म्हणून असेल तर ती कलेचा भाग आहे. ती खेळाडूने कंटाळून खिशात हात घालावा म्हणून असेल, तर तो आवळा देऊन कोहळा काढण्याचा प्रकार आहे. ‘फोर्झा होरायझन ५’मध्ये क्रेडिट थेट रुपये-डॉलर देऊन विकत घेता येत नाहीत, ही त्याच्या कर्त्यांच्या जमेची बाजू म्हटली पाहिजे. तरीही वेगळे पैसे मोजून ‘व्हीआयपी’ सदस्यत्व घेणाऱ्याला शर्यतीचे क्रेडिट दुप्पट मिळतात. एकाच शर्यतीची दोन वेतनमाने, आणि वरची वेतनश्रेणी विकाऊ!

वेतनकपात आणि सानुग्रह अनुदान

या व्यवहारातली सत्ता कोणाच्या हाती असते, ते मार्च २०२२ मध्ये लख्ख दिसून आले. जपानमधील ‘पॉलिफनी डिजिटल’चा ‘ग्रॅन टुरिस्मो ७’ हा मोकळ्या मुलुखातला खेळ नसून धावपट्टीवरचा आहे. परंतु चलनाची रीत तीच, आणि येथे क्रेडिट खऱ्या पैशाने विकतही मिळतात. वीस लाख क्रेडिटना अमेरिकेत सुमारे वीस डॉलर पडत, आणि सर्वांत दुर्मिळ गाड्यांची किंमत दोन कोटी क्रेडिटपर्यंत जात असे. म्हणजे पडद्यावरच्या एका गाडीसाठी, शर्यती न धावता ती घ्यावयाची तर, सुमारे दोनशे डॉलर. मूळ खेळाच्या किमतीच्या कितीतरी पट!

हा खेळ ४ मार्च रोजी विक्रीस आला. लोकांनी तो पूर्ण पैसे मोजून घेतला. त्यानंतर दोनच आठवड्यांत कंपनीने एका सुधारणेद्वारे अनेक शर्यतींची बक्षिसे घटविली. त्याच सुमारास दुरुस्तीसाठी सर्व्हर तीस तासांहून अधिक काळ बंद राहिले, आणि सतत इंटरनेटची जोडणी मागणारा हा खेळ, एकट्याने खेळणाऱ्यांसाठीही बव्हंशी बंद पडला. खेळाडूंनी एकच गिल्ला केला. अखेर खेळाचे कर्ते काझुनोरी यामाउची यांना खुलासा करावा लागला. कंपनीने दिलगिरी म्हणून प्रत्येकाला दहा लाख क्रेडिट देऊ केले आणि एप्रिलमध्ये बक्षिसे वाढविली. कचेरीत काम करणाऱ्या कोणालाही या घटनाक्रमाची ओळख पटेल. पूर्वसूचनेविना वेतनकपात, कामगारांचा असंतोष, मग सानुग्रह अनुदान आणि अखेर सुधारित वेतनश्रेणी. विसंगती एवढीच की, येथल्या कामगारांनी कामावर येण्यासाठी आधी स्वतःच पैसे भरले होते.

साठवले कोणाचे?

याहून कठोर धडा ‘द क्रू’ या खेळाने दिला. फ्रान्समधील ‘युबिसॉफ्ट’ने डिसेंबर २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या खेळात अवघी अमेरिका लहान आकारात उभी केली होती, आणि एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत मनमुराद गाडी हाकता येत असे. वर्षानुवर्षे शर्यती धावून लोकांनी त्यात पैसा जमविला, गाड्यांचा ताफा उभा केला. हा खेळ कंपनीच्या सर्व्हरशिवाय चालूच शकत नव्हता. ३१ मार्च २०२४ रोजी ते सर्व्हर बंद करण्यात आले आणि सारी मिळकत एका दिवसात नाहीशी झाली. ज्यांनी शेकडो तास घालून सरळमार्गाने कमावले त्यांची, आणि ज्यांनी युक्त्या लढवून एका रात्रीत कमावले त्यांचीही. तेलही गेले, तूपही गेले, हाती धुपाटणे आले.

या घटनेचे पडसाद मात्र दूरवर उमटले. विकलेले खेळ असे निकामी करू नयेत, यासाठी २०२४ मध्येच चळवळ सुरू झाली. युरोपीय संघाकडे नागरिकांच्या वतीने केलेल्या मागणीवरील सह्यांनी जुलै २०२५ मध्ये दहा लाखांचा आकडा ओलांडला. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने सप्टेंबर २०२४ मध्ये कायदा करून, ग्राहकाला मिळतो तो केवळ वापराचा परवाना आहे हे स्पष्ट न करता अशा वस्तू ‘विकत घ्या’ म्हणून खपविण्यास मज्जाव केला. ‘युबिसॉफ्ट’नेही आपल्या पुढच्या दोन मोटारखेळांना सर्व्हरविना चालण्याची सोय देण्याचे २०२४ मध्ये जाहीर केले. ग्राहक जागा झाला की कंपनीलाही जाग येते, हा जुनाच अनुभव आहे.

भारतात २०२५ च्या ऑगस्टमध्ये ऑनलाइन खेळांविषयी केंद्राचा कायदा झाला. त्याचा रोख पैसे लावून पैसे जिंकण्याची आशा दाखविणाऱ्या खेळांवर आहे, आणि त्या बाबतीत तो आवश्यकही होता. मोटारशर्यतींच्या या खेळांत मात्र जिंकलेले क्रेडिट रुपयांत वठवून मिळत नाहीत; पैसा आत जातो, बाहेर येत नाही. म्हणून जुगाराच्या कसोटीवर ते दोषी ठरत नाहीत. जेथे कायद्याचा हात पोहोचत नाही, तेथे जबाबदारी घरावर आणि शाळेवर येऊन पडते.

ती जबाबदारी बंदी घालून पार पडणार नाही. ज्या घरात मुलाच्या हातून यंत्र हिसकावून घेतले जाते, त्या घरात तो दुसरीकडे जाऊन खेळतो, एवढेच. त्यापेक्षा शिक्षकाने वर वर्णिलेले त्रैराशिक फळ्यावर मांडावे. एका शर्यतीचे क्रेडिट किती, गाडीची किंमत किती, म्हणजे तास किती, आणि त्या तासांत आणखी काय झाले असते? ही वस्तू नेमकी कोणाच्या मालकीची, तिचा सातबारा कोणाच्या नावावर? मागणी, पुरवठा, टंचाई, लिलाव, चलनवाढ हे सारे शब्द ज्या पोराला पाठ्यपुस्तकात रुक्ष वाटतात, तो या खेळातले बाजारभाव तोंडपाठ म्हणून दाखवील. त्याच्या या ज्ञानाला हसण्याऐवजी ते पुढे न्यावे.

खेळ रचणाऱ्यांकडूनही तीन गोष्टींची अपेक्षा धरणे वावगे ठरू नये. खेळ विकल्यानंतर त्यातील बक्षिसे कमी करू नयेत. खऱ्या पैशाने काय विकत मिळते आणि नशिबाच्या चक्रात काय निघण्याची शक्यता किती, ते आधी सांगावे. आणि सर्व्हर बंद करावयाचे झाल्यास ज्याने पैसे मोजले त्याला तो खेळ एकट्याने तरी खेळता यावा, अशी तजवीज ठेवावी. यांत कोणताही परोपकार नाही. हा साधा सचोटीचा व्यवहार आहे.

डच इतिहासकार योहान हुइझिंगा यांनी १९३८ साली खेळाचे मर्म उलगडताना त्याचे एक लक्षण सांगितले होते: खऱ्या खेळाला भौतिक लाभाची अपेक्षा नसते. त्या कसोटीवर प्रत्येक खेळाडूने स्वतःलाच एक प्रश्न विचारावा. या शर्यतीत एकही क्रेडिट मिळणार नसते, तर ती धावावीशी वाटली असती काय? उत्तर ‘हो’ असेल तर खुशाल धावावे. अकरा तास गेले तरी ते वाया गेले असे कोणी म्हणू नये. उत्तर ‘नाही’ असेल, तर झटपट कमाईची युक्ती शोधण्यापेक्षा खेळ बंद करून उठणे हीच सर्वांत मोठी बचत होय. खोटा पैसा पुन्हा मिळेल किंवा न मिळेल. त्यासाठी खर्ची पडलेली खरी संध्याकाळ कोणत्याही लिलावात परत मिळत नाही.