जाब कोणाला विचारायचा?

राज्यातील नगरपरिषदा आणि नगरपंचायतींसाठी २ डिसेंबर २०२५ रोजी मतदान झाले. मतमोजणी मात्र उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाच्या आदेशामुळे २१ डिसेंबरपर्यंत लांबली. या एकोणीस दिवसांच्या विलंबावर चौकाचौकांत जेवढी चर्चा झाली, तेवढी त्याआधीच्या जवळजवळ चार वर्षांच्या विलंबावर कधी झाली नाही. नागपूर जिल्ह्यातील नगरपरिषदांची यापूर्वीची निवडणूक जानेवारी २०१७ मधील. २०२२ च्या प्रारंभी सभागृहांची मुदत संपली आणि कामठीसारख्या लाखाच्या जवळ लोकवस्ती असलेल्या गावाचा कारभार प्रशासकाच्या स्वाधीन झाला. नाली तुंबली तर लोक चिडत, नळाला पाणी आले नाही तर कार्यालयात धडकत. परंतु आपला एक घटनादत्त अधिकार हिरावला गेला आहे, ही जाणीव त्या चिडीमागे क्वचितच होती.

घटनेची भाषा या बाबतीत संदिग्ध नाही. ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून अमलात आली. तिने घातलेले २४३-यू हे कलम नगरपालिकेला पाच वर्षांची मुदत देते, त्याहून अधिक नाही. आणि ती मुदत संपण्यापूर्वी नवी निवडणूक पूर्ण झाली पाहिजे, असे बजावते. अहमदाबाद महापालिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली हेच पुन्हा ठणकावून सांगितले. महाराष्ट्रात घोडे अडले ते इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणापाशी. ४ मार्च २०२१ च्या निकालाने या आरक्षणासाठी तीन कसोट्या घालून दिल्या. मग आयोग, अहवाल, प्रभागरचनेचा नवा कायदा, पुन्हा न्यायालय, असा प्रवास झाला. अखेर ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने २०२२ पूर्वीची आरक्षणाची स्थिती धरून निवडणुका घ्या, असा आदेश दिला. आरक्षणाचा प्रश्न खोटा नव्हता, क्षुल्लक तर नव्हताच. पण तो सुटेपर्यंत ज्यांची सत्ता निर्वेध चालू राहिली त्यांना तो सोडविण्याची घाई नव्हती, हेही तितकेच खरे. या काळात मुंबईत सत्तेवर आलेल्या दोन्ही आघाड्यांना या दोषातून मोकळे करता येणार नाही.

‘प्रशासकाच्या काळात कामे तरी झाली’, असे सुशिक्षित मंडळी म्हणतात. प्राध्यापकांच्या खोलीतही हे वाक्य ऐकावयास मिळते. काही कामे झाली असतीलही. प्रश्न अधिकाऱ्याच्या कर्तबगारीचा नाही. सभागृह असते तेव्हा प्रशासन प्रस्ताव मांडते, सभा तो मंजूर किंवा नामंजूर करते आणि विरोधी बाकावरचा एखादा नगरसेवक, भले स्वार्थापोटी का होईना, देयकावर बोट ठेवतो. प्रशासकाच्या राजवटीत सुचविणारा, मंजूर करणारा आणि पैसे अदा करणारा हात एकच असतो. अनेक ठिकाणी तर मुख्याधिकारीच प्रशासक होते. म्हणजे स्वतःच अर्ज करावयाचा आणि स्वतःच त्यावर ‘मंजूर’ असा शेरा मारावयाचा. त्यांची बदली झाली की जबाबदारीही त्यांच्याबरोबर गावाबाहेर जाते.

नागरी स्वातंत्र्य म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर अटक, तुरुंग, वृत्तपत्रावरील बंदी येते. १९३६ साली पंडित नेहरूंच्या पुढाकाराने नागरी स्वातंत्र्य संघ निघाला तो परकीय सत्तेच्या दडपशाहीविरुद्ध, आणि १९७६ साली न्यायमूर्ती वि. म. तारकुंडे प्रभृतींनी जी चळवळ उभी केली ती आणीबाणीविरुद्ध. हा वारसा मोठाच आहे. परंतु सामान्य शिक्षकाची वा कारकुनाची शासनाशी रोजची गाठ तुरुंगाच्या दारात पडत नाही. ती घरपट्टीच्या खिडकीशी, जन्मदाखल्याच्या टेबलाशी आणि उघड्या नालीच्या काठाशी पडते. तेथे जाब विचारण्यासाठी निवडलेला माणूस असणे, त्याला पाच वर्षांनी घरी पाठविता येणे, हेही स्वातंत्र्यच आहे. बाबू हरदास यांनी ते ओळखले होते. कामठीच्या विडी कामगारांना संघटित करणारा हा तरुण १९३७ साली नागपूर-कामठी मतदारसंघातून मध्यप्रांत-वऱ्हाडच्या विधिमंडळात गेला. त्या वेळी मताचा अधिकार मालमत्ता आणि शिक्षण यांच्या अटींनी आवळलेला होता, तरी निवडणूक झाली. आपल्या वाट्याला उलटा प्रकार आला: मताधिकार सर्वांना, निवडणूक मात्र नाही.

आणि हे झाले नगरपरिषदेपुरते. कामठीत सरकारे दोन आहेत. १८२१ साली इंग्रजांनी येथे छावणी वसविली, तिचा वारस म्हणजे कटक मंडळ, ज्याला गावात सारे कॅन्टोन्मेंट म्हणतात. तेथील नागरिक नगरपरिषदेचे मतदार नाहीत. २००६ च्या कायद्याप्रमाणे मंडळाचा अध्यक्ष स्थानिक लष्करी अधिकारी असतो आणि त्याच्यासमवेत लोकांनी निवडलेले सभासद बसतात. देशभरातील कटक मंडळांची सार्वत्रिक निवडणूक जानेवारी २०१५ मध्ये झाली. २०२० मध्ये संपलेली मुदत सहा-सहा महिन्यांनी दोनदा वाढविण्यात आली. फेब्रुवारी २०२१ पासून त्याच कायद्यातील तेराव्या कलमाचा आधार घेऊन अध्यक्ष, मुख्य कार्यकारी अधिकारी आणि केंद्राने नेमलेला एक सभासद, अशी त्रिसदस्य मंडळे कारभार पाहू लागली. हे कलम विशेष परिस्थितीसाठी आहे, आणि अशा मंडळाची मुदत सामान्यतः एका वर्षापलीकडे जाऊ नये, असे त्यातच म्हटले आहे. मुदतवाढीची वाट मात्र त्यातच मोकळी ठेवलेली आहे! ३० एप्रिल २०२३ ला मतदान होईल अशी अधिसूचना निघाली आणि मार्चमध्ये ती रद्दही झाली. छावण्यांमधील नागरी वस्ती शेजारच्या नगरपालिकांत विलीन करण्याचा विचार चालू आहे, हे त्यामागचे एक कारण. विलीनीकरण कदाचित इष्टही असेल. पण ज्यांना विलीन करावयाचे त्यांचे मत मांडणारा निवडून आलेला एकही माणूस मंडळात नसताना तो विचार व्हावा, याला काय म्हणावे?

अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर या उदासीनतेचे मूळ आणखी एका ठिकाणी सापडते. १९९९ साली राज्यातील नगरपरिषदांची जकात गेली आणि तिच्या जागी शासनाचे सहायक अनुदान आले. जकात वाईटच कर होता. नाक्यावरचा भ्रष्टाचार पाहिलेला कोणीही तिच्यासाठी अश्रू ढाळणार नाही. पण गावाच्या तिजोरीत पैसा गावातून येईनासा झाला, तेव्हा नगरसेवकाचे तोंड गावाकडून मंत्रालयाकडे वळले. आपला पैसा खर्च होतो आहे असे वाटले तरच माणूस हिशेब मागतो. अनुदानाचा रस्ता खचला तर तो ‘सरकारचा रस्ता’ असतो.

‘निधी नाही’ हे नगरपालिकांचे ठेवणीतले उत्तर सर्वोच्च न्यायालयाने १९८० सालीच फेटाळले आहे. मध्य प्रदेशातील रतलामच्या एका वस्तीतील रहिवासी उघड्या गटारांच्या दुर्गंधीला कंटाळून दंडाधिकाऱ्याकडे गेले. नगरपालिका पैसे नसल्याचे सांगत थेट दिल्लीपर्यंत भांडली. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी निकाल दिला की, सार्वजनिक आरोग्याचे कायदेशीर कर्तव्य पैशाच्या सबबीवर टाळता येत नाही. ते रहिवासी ज्या कलमाखाली गेले होते ते फौजदारी प्रक्रिया संहितेचे १३३ वे कलम १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेत १५२ वे झाले आहे. आकडा बदलला, अधिकार कायम आहे. तो वापरण्यास उपविभागीय दंडाधिकाऱ्याकडे अर्ज पुरतो.

दुसरे साधन माहितीच्या अधिकाराचे. दहा रुपयांत नागरिकाला केवळ कागद मिळत नाहीत. २००५ च्या कायद्याने त्याला कामाची पाहणी करण्याचा आणि वापरलेल्या मालाचा प्रमाणित नमुना घेण्याचाही हक्क दिला आहे. नव्या नालीच्या काँक्रीटचा नमुना आणि मोजमाप पुस्तिकेची प्रत शेजारी शेजारी ठेवली तर पुष्कळ गोष्टी न बोलता कळतात. येथेही कामठीकरांची गंमत आहेच. नगरपरिषदेने माहिती नाकारली तर दुसरे अपील राज्य माहिती आयोगाच्या नागपूर खंडपीठाकडे. कटक मंडळाने नाकारली तर थेट दिल्लीच्या केंद्रीय आयोगाकडे.

परंतु हे साधनही पूर्वीइतके धारदार राहिलेले नाही. वैयक्तिक विदा संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्याने माहिती अधिकारातील आठव्या कलमाचा ‘ञ’ हा खंड बदलला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये हा बदल लागू झाला. पूर्वी वैयक्तिक माहितीसुद्धा, तिचा सार्वजनिक कामाशी संबंध असेल किंवा व्यापक लोकहित असेल, तर द्यावी लागे. आता त्या खंडातील अटी गेल्या. ‘वैयक्तिक’ हा शिक्का पुरेसा झाला. सफाई कामगारांच्या हजेरीपटावरील नावे, लाभार्थ्यांची यादी, कंत्राटदाराचा तपशील हे सारे उद्या वैयक्तिक ठरविले जाईल, ही भीती अनाठायी नाही. आठव्या कलमाचे दुसरे पोटकलम, ज्यात लोकहित वरचढ असेल तर माहिती देता येते, ते मात्र शाबूत आहे. अर्जात त्याचा स्पष्ट उल्लेख करण्याची सवय आता लावून घ्यावी लागेल.

नोव्हेंबरात प्रश्न विचारण्याचे हत्यार बोथट झाले, डिसेंबरात उत्तरे देणारे निवडून आले. नव्या सभागृहापुढे पहिली मागणी कोणती असावी? प्रशासक काळातील सर्व ठराव, निविदा, देयके आणि लेखापरीक्षणातील आक्षेप सभेपुढे ठेवून ते कार्यालयाच्या फलकावर लावावेत. यासाठी कोणाच्या अर्जाची वाट पाहण्याचे कारण नाही. माहिती अधिकाराच्या चौथ्या कलमाने स्वतःहून माहिती प्रसिद्ध करण्याचे कर्तव्य २००५ पासूनच घातले आहे. ज्या पक्षांनी निवडणुकीत एकमेकांवर भ्रष्टाचाराचे आरोप केले, त्या सर्वांचे या एका ठरावावर एकमत होण्यास हरकत नसावी. कोणता नगरसेवक तो मांडतो आणि कोणता त्यावर मौन पाळतो, हे पाहण्यासाठी सभेच्या दिवशी प्रेक्षकांच्या बाकांवर चार शिक्षक आणि आठ विद्यार्थी जाऊन बसले तरी पुरे.